नवा टायर टाकला तरी परत तसाच झिजतोय? टायर काढण्याआधी झीज वाचा

तक्रार नेहमीचीच आहे. मागचा टायर आठ-दहा हजार किलोमीटरला गोटा होतो. दुकानात जाऊन नवा टाकला की थोडे दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. किंवा पुढच्या टायरला खळगे पडून हँडल थरथरतं, टायर बदलल्यावर थांबतं आणि चार-पाच महिन्यांत परत सुरू होतं. १०० ते १६० सीसीच्या रोजच्या वापरातल्या बाइकचा मागचा टायर साधारण पंधरा-वीस हजार किलोमीटर तरी जायला हवा, पुढचा त्याहून बराच जास्त. तुमचा त्याच्या निम्म्यातच संपत असेल तर कंपनीला दोष देण्याआधी एक काम करा. जुना टायर गाडीवर असतानाच त्याची झीज मोजून ठेवा. पैसे घेऊन टायर बदलणारा ते करत नाही आणि एकदा टायर उतरवून कोपऱ्यात टाकला की कारण शोधायला हातात काहीच उरत नाही.

झीज मोजायची कशी

गाडी डबल स्टँडला लावा. काडेपेटीतली काडी टायरच्या खाचेत तळापर्यंत उभी घाला, वरच्या कडेला नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. डेप्थ गेज असेल तर उत्तमच. मधली खाच, डावा खांदा (टायरच्या पृष्ठभागाची बाजूकडची कड), उजवा खांदा असं तीन ठिकाणी मोजा. मग चाक एक तृतीयांश फिरवून पुन्हा, आणि आणखी एक तृतीयांश फिरवून पुन्हा. एकूण नऊ मापं होतात, ती मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या कडेजवळ, छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. तिथून सरळ वर खाचेत पाहिलं की तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो. ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग) झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की टायर संपला. पण तिथपर्यंत थांबू नका. होंडाच्या बऱ्याच बाइकच्या मॅन्युअलमध्ये बदलण्याची मर्यादा पुढे १.५ मिमी आणि मागे २ मिमी दिलेली असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोच आकडा धरणं शहाणपणाचं. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही, मग कोरड्या रस्त्यावर ठीक वाटणारा टायर ओल्या डांबरावर घसरतो.

आता मापांकडे बघा.

मध्ये सपाट, खांदे नवेकोरे

मागच्या टायरचा सगळ्यात सामान्य प्रकार. मधल्या खाचेत १ मिमी आणि खांद्यांवर ४-५ मिमी असं दिसलं तर पहिला संशय जास्त हवेवर घ्यायचा. रस्त्याकडेचा हवा भरणारा किती भरू हे विचारत नाही, ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सरसकट मारतो. टायर फुगून गोल होतो, रस्त्याला फक्त मधली चिंचोळी पट्टी टेकते, गाडीचं आणि तुमचं सगळं वजन त्या पट्टीवर येतं आणि तीच झिजते. सोबत पकडही कमी होते, खड्ड्याचा दणका कमरेपर्यंत पोचतो.

योग्य आकडा चेनच्या कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारे दोन दांडे) स्टिकरवर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये. बऱ्याच कम्युटर (रोजच्या वापरातल्या) बाइकना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ आणि डबल सीटला ३२ च्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या स्टिकरवरूनच घ्या. स्टिकरवर आकडा २.०० असा दिसला तर तो किलो प्रति चौरस सेंमीमध्ये आहे. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय, म्हणजे २.०० म्हणजे साधारण २८. टायरच्या भिंतीवर जो आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा सांगतो, तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. नवे चालक इथे हमखास फसतात.

आता दुसरी बाजू. हवा बरोबर असून रोज साठ-सत्तर किलोमीटर सरळ हायवेने जाणं असेल, तर टायर मधूनच झिजणार. तो दोष नाही, वापर आहे. सिग्नल सुटताच जोरात ॲक्सिलरेटर पिळण्याची सवय असेल तर आणखी लवकर. अशा टायरचा खरा त्रास वळणावर कळतो. मधला भाग सपाट झाल्याने सपाट भाग आणि खांदा यांच्यामध्ये एक कड तयार होते. गाडी झुकवली की ती आधी झुकायला तयार नसते आणि कड ओलांडताच एकदम आत पडते. घाटात हे भीतीदायक वाटतं आणि नवखा चालक स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. खाच अजून २-२.५ मिमी शिल्लक असली तरी ही कड हाताला स्पष्ट लागत असेल तर टायर बदला.

दोन्ही खांदे झिजलेले, मधली खाच शाबूत

हवा कमी. टायर दबतो, कडा रस्त्याला टेकतात, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि तापते. ट्यूब असलेल्या चाकात आणखी एक खूण दिसते: व्हॉल्व्हची नळी रिममधून सरळ न येता तिरकी झालेली असते. हवा कमी असल्यामुळे ब्रेक मारताना आणि पिकअप घेताना टायर रिमवर किंचित सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. तसंच चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह ट्यूबच्या मुळाशी फाटतो. त्या पंक्चरला पॅच लागत नाही आणि हवा एका क्षणात जाते. व्हॉल्व्ह तिरका दिसला तर त्याच दिवशी हवा सोडून, टायरची कड रिमवरून सैल करून, ट्यूब सरळ करून घ्या.

या संदर्भात दोन गैरसमज फार पक्के बसलेत. एक, उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात हा सल्ला हमखास मिळतो. प्रत्यक्षात उलटं घडतं. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब जेमतेम १ पीएसआयने वाढतो आणि ते गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. हवा कमी केली की भिंत जास्त वाकते, जास्त तापते आणि टायर त्या उष्णतेनेच खराब होतो. दुसरा, पावसात हवा कमी केली की पकड वाढते. वाळूत किंवा चिखलात हे थोडंफार खरं आहे, ओल्या डांबरी रस्त्यावर नाही. दबलेल्या टायरच्या खाचा मिटतात आणि पाणी अडकून राहतं.

हवा कायम थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चालवून. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते ते बरं आहे, पण तिथला गेज रोज आपटला जातो. स्वतःचा डायल गेज डिकीत किंवा बॅगेत ठेवा आणि पंपावर भरल्यानंतर त्याने पडताळा.

हवा दर आठवड्याला कमी होते

महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होणं साहजिक आहे. आठवड्यात पाच गेले तर गळती आहे. शोधण्याचा क्रम असा ठेवा, स्वस्त कारणं आधी.

व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी किंवा थुंकी लावा. फुगा आला तर आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलंय. पिन घट्ट करून पुन्हा बघा, तरी फुगा येत असेल तर पिन बदला, अगदी किरकोळ खर्च आहे. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर नवी लावा, कारण धूळ-चिखल पिनेत अडकूनच गळती सुरू होते. ट्यूबलेस चाकात व्हॉल्व्हचा रबरी देठ बोटाने बाजूला वाकवून मुळाशी साबणाचं पाणी टाका. देठाला तडे असतील तर टायर बदलताना तोही नवा घ्या. नवा टायर आणि जुना देठ ही जोडी महिन्याभरात पुन्हा दुकानात आणते.

मग ट्रेडवर पाणी शिंपडत चाक सावकाश फिरवा. खिळा किंवा तार दिसली तर दुकानात पोचेपर्यंत उपसू नका. आधी मारलेल्या पंक्चरच्या वातीच्या (भोकात बाहेरून भरलेल्या रबरी दोरीच्या) जागी फुगे येत असतील तर तिथे आतून पॅच किंवा मशरूम प्लग लावून घ्या. बाहेरून लावलेली वात म्हणजे घरी पोचण्यापुरता उपाय असतो. बाजूच्या भिंतीवरचं पंक्चर मात्र कोणी कितीही खात्री दिली तरी दुरुस्त करून चालवू नका. तो भाग सतत वाकतो, तिथे काहीच टिकत नाही.

शेवटी टायर आणि रिम जिथे भिडतात ती कड. खड्ड्यात आपटून मॅग व्हीलची (अलॉय चाकाची) कड किंचित आत गेलेली असते, उभ्या गाडीत दिसतही नाही. चाक फिरवत चिमट्याला एक काडी टेकवून ठेवली की कुठे आत-बाहेर जातं ते कळतं. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चाकाचं आउट (वाकडेपणा) काढायला हवं. स्टीलच्या रिममध्ये गंज चढून हीच गळती होते. टायर उतरवून कड घासून साफ केल्याशिवाय ती थांबत नाही. इथे पंक्चरवाला ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून देतो. त्याने हवा टिकते, पण आता खिळा लागला तर सावकाश नाही, झटक्यात जाते, आणि गाडीला ट्यूबलेस आहे असं समजून तुम्ही बिनधास्त असता.

एकाच बाजूला झीज

डाव्या-उजव्या खांद्यात अर्धा-एक मिमीचा फरक असला तर सोडून द्या. रस्त्याचा उतार आणि वळणांमुळे तेवढा पडतो. दीड-दोन मिमी असेल तर मागचं चाक तिरकं बसलंय. आणि ते बहुतेक वेळा पंक्चर काढल्यानंतर तिरकं झालेलं असतं. चाक परत बसवताना एका बाजूचा चेन ॲडजस्टर जास्त ओढला जातो, दुसरा कमी. गाडी चालते, थोडीशी एका बाजूला ओढते, सवय होऊन जाते. नवा टायरही मग त्याच चुकीच्या जागी बसतो. दोन-तीन टायर बदलूनही एकच खांदा झिजत असेल तर नव्वद टक्के इथेच बघायचं.

चिमट्यावर दोन्ही बाजूंना खुणा असतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको, कारण कारखान्यातूनच त्या कधी कधी पुढेमागे असतात. मेजरिंग टेप घ्या. चिमटा जिथे चासीला जोडलेला असतो त्या बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत डावीकडे मोजा, मग उजवीकडे. फरक १ मिमीच्या आत हवा. नसेल तर:

एक्सलचा नट सैल करा, पूर्ण काढू नका. ॲडजस्टरचे नट पाव-पाव फेऱ्याने फिरवत दोन्ही मापं सारखी आणा. चाक फिरवत चेन सर्वांत घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथे खालच्या बाजूच्या मध्यभागी वर-खाली खेळ मोजा. बहुतेक कम्युटर बाइकना २० ते ३० मिमी लागतो. एक्सल आवळताना चाक पुढे ढकलून धरा, नाहीतर आवळता आवळता पुन्हा सरकतं. शेवटी एक्सल परत मोजा, ब्रेक रॉडचा नट तपासा आणि स्प्लिट पिन असेल तर नवी घाला.

मापं सारखी असूनही झीज एकाच बाजूला असेल, तर डबल स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. चाक हलतं पण चिमटा स्थिर आहे, तर बेअरिंग गेलं. चिमट्यासकट हलत असेल तर चिमट्याचे बुश (सांध्यातल्या नळ्या) गेलेत. बुश बदलायला खर्च फार नाही, मेहनत जास्त असते, म्हणून बरेच मेकॅनिक ‘चालेल’ म्हणतात. चालत नाही. आवाज येत नाही म्हणून फक्त लक्षात येत नाही. अपघातात चासी किंवा चिमटा वाकलेला असेल तर मात्र रस्त्याकडेचं काम नाही, जिगवर (चासी सरळ करायच्या साच्यावर) लावणाऱ्या कारागिराकडेच जावं लागेल.

पुढच्या टायरला खळगे आणि थरथर

टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर ती ब्रेकमुळे होणारी झीज, थोड्या प्रमाणात चालते. पण ठरावीक अंतराने खळगे असतील तर चाक रस्त्यावर एकसारखं टेकत नाही, उड्या मारतंय. कारणं तीन: पुढची हवा कमी, फोर्क (पुढचं चाक धरणारे शॉकॲब्सॉर्बर) थकलेले किंवा हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल.

डबल स्टँडवर कोणालातरी मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कचे खालचे भाग धरून पुढे-मागे ओढा. ‘टक’ असा खेळ जाणवला तर कोनसेट सैल आहे. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर आवळून भागणार नाही, गोळ्या आणि वाट्या बदलायच्या. स्टँड काढून पुढचा ब्रेक दाबून फोर्क दोन-तीनदा दाबा. सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबला पाहिजे, झुलत राहिला तर तेल गेलंय. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील गळतंय, आणि ते तेल ओघळून डिस्कवर पोचलं तर प्रश्न टायरपुरता राहात नाही. थरथर आहे का हे बघायला चालत्या गाडीवर हात सोडण्याचा प्रयोग कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

एकाच ठिकाणी सपाट डाग

नऊ मापांपैकी आठ सारखी आणि एकाच जागी खोलगट झीज, म्हणजे मागचा ब्रेक लॉक करून टायर घसटलेला आहे. नव्या चालकांमध्ये हे फार दिसतं, कारण ‘पुढचा ब्रेक दाबला की पडतो’ हे डोक्यात बसलेलं असतं आणि सगळा भार पायावर येतो. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच लॉक होतं. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकासाठी असतं. मागचं तरीही लॉक होतं. मोकळ्या जागेत २०-३० च्या वेगाने पुढचा ब्रेक हळूहळू दाब वाढवत मारायचा सराव करा. ड्रम ब्रेकच्या पेडलला २० ते ३० मिमी मोकळा खेळ आहे ना तेही पाहा. ब्रेक फार वर सेट असेल तर पाय नुसता टेकवला तरी चाक अडकतं.

खाच आहे, तरी टायर संपलाय

वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दर काही महिन्यांनी बारकाईने पाहा: भिंतीवर केसांसारखे तडे, खाचेच्या तळाशी चिरा, नखाने दाबून न दबणारं रबर. टायर चमकवायचं पॉलिश ट्रेडवर लावू नका. चेनला तेल सोडल्यावर रिमवर आणि टायरवर उडालेलं तेल साबणाने धुवून टाका. पंक्चरनंतर किंवा खड्ड्यानंतर भिंतीवर फुगवटा दिसला, किंवा रबरातून दोरे दिसू लागले, तर गाडी तिथेच उभी करायची, दुकानापर्यंतसुद्धा चालवायची नाही.

नवा टायर घेताना

तोच चार आकड्यांचा कोड आधी बघा, दुकानात दोन वर्षं पडलेला टायर कमी किमतीत मिळतो त्यामागचं कारण तेच. मग साइज. १००/९०-१७ ५५पी याचा अर्थ रुंदी १०० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंचांची, ५५ म्हणजे २१८ किलो भार आणि पी म्हणजे १५० किमी वेगापर्यंत. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर घेऊ नका, दोघांचं वजन आणि सामान त्यावरच जाणार आहे. दिसायला भारी म्हणून दोन साइज रुंद टायर टाकायची हौस बरीच आहे. अरुंद रिमवर तो दाबून बसतो, मधोमध टोकदार होतो, जमिनीला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी कमी होतो आणि कधी चेनलाही घासतो. म्हणजे पैसे देऊन मधली झीज विकत घ्यायची.

भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते गाडी दुकानातून काढण्याआधी बघा, उलटा बसवलेला टायर ही रोजची गोष्ट आहे. पहिले १५०-२०० किलोमीटर जोरात झुकवणं आणि कडक ब्रेक टाळा, नव्या रबराचा वरचा थर निसरडा असतो. पावसात तर नक्कीच. एक हजार किलोमीटर झाले की पुन्हा काडी घेऊन नऊ मापं घ्या. तिन्ही रेषा सारख्या उतरत असतील तर कारण सापडलंय. एकच पुढे पळत असेल तर तुम्ही टायर बदललाय, दोष गाडीतच आहे, आणि अजून टायर वाया गेलेला नाही.

चालत्या गाडीत हवा गेली तर

मागचं गेलं की गाडी मागून डुलायला लागते. पुढचं गेलं की हँडल जड होतं आणि एका बाजूला ओढतं. ॲक्सिलरेटर सावकाश सोडा, हँडल घट्ट पण ताठ न धरता सरळ ठेवा. ज्या चाकाची हवा गेली त्याचा ब्रेक मारू नका, दुसऱ्याचा हलक्या हाताने वापरा. गिअर एकेक उतरवत, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. ट्यूब असेल तर थांबलेल्या जागेवरून पुढे एक फर्लांगही चालवू नका. रिकाम्या टायरमध्ये ट्यूब चिरडून जाते आणि पंक्चरच्या खर्चाऐवजी ट्यूबचा, कधी टायरचाही खर्च येतो.